कारखान्यातली शांत खोली

कानात घालायचे नारिंगी स्पंजाचे बोळे कुठे दिसले, की मला गुजरातमधल्या पलसाण्याजवळचा तो काचेच्या बाटल्यांचा कारखाना आठवतो. बाबा तिथे यंत्रावर कामाला होते आणि दसऱ्याच्या पूजेला मी आणि आई पहिल्यांदाच आत गेलो. भट्टी कधी विझवत नाहीत, म्हणून सणालाही यंत्रं चालूच होती. कानांत बोळे घातले तरी हवेचे फुत्कार आणि बाटल्यांचा खणखणाट छातीत शिरत होता. लालबुंद काचेचा गोळा साच्यात पडे आणि बाटली होऊन बाहेर येई. त्या गोंगाटात बाबा आणि त्यांचे गुजराती सोबती मात्र आरामात गप्पा मारत होते. हे ऐकतात तरी कसे, याचं मला नवल वाटलं. मग सोबत्यांनी आम्हाला जाड दुहेरी काचेच्या एका खोलीत नेलं. दार लागताच आवाज थांबला. सगळ्यांनी बोळे काढले. "बेसो बेन, अहीं शांति छे," एक सोबती आईला खुर्ची देत म्हणाला. बाबा पाठमोरे उभे राहून काचेतून यंत्राकडे बघत होते. "अहो, घरी कधी येणार?" आईने विचारलं. ते वळले नाहीत. तिने पुन्हा विचारलं. मीही हाक मारली. शेवटी आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तेच अगदी हळू आवाजात बोलली. तिच्या ओठांकडे बघत बाबा हसले, "सातपर्यंत येतो की." घरी टीव्ही मोठ्याने लावतात म्हणून रोज चिडणारी आई त्यांचा हात धरून म्हणाली, "उद्या आपण डॉक्टरकडे जाऊ." आता बाबांच्या कानाला यंत्र आहे, पण मी अजूनही कुणाशी बोलायचं झालं, की आधी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते.