आबासाहेबांनी खुर्ची फिरवली त्या दिवसाबद्दल

आबासाहेबांचं पहिलं दर्शन मला पाठमोरं घडलं. धाराशिवच्या वेशीबाहेर हुतुतूचा सामना ऐन रंगात आलेला, माणसं एकमेकांच्या खांद्यांवरून माना काढताहेत, आणि एक भारदस्त गृहस्थ मैदानाकडे पाठ करून खुर्चीत बसलेले. कपाळावर घाम. मी शेजारी उभा होतो, तर मलाच विचारू लागले, "काय झालं हो? आमचा गडी सुटला का धरला?"

"धरलाय. हलता येईना त्याला," मी म्हणालो. चार माणसांनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. हे संघाचे मालक, त्यांना वाईट बातमी गूळ लावून सांगायची असते, हे मला परक्याला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी छापखान्यातून बोलावणं आलं. "तुम्ही खरं सांगता. आमच्याकडे या." एवढीच ती मुलाखत. तेव्हापासून मी त्यांच्याकडे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवतो, आणि सामना असला की, त्यांना धास्तीनं बघवत नाही म्हणून, शेजारी उभा राहून खेळ सांगतो.

साप्ताहिक, छापखाना, सोनारीच्या जत्रेपासून ढोकीच्या बाजारापर्यंत फिरणारा तंबूतला सिनेमा आणि हुतुतूचा संघ, एवढा पसारा या जिल्ह्यात दुसऱ्या कुणी उभा केला नाही. पण मालक कमालीचे काळजीखोर. अंक निघाला की पोलीस येतील का, ही धास्ती. तंबू उभा राहिला की वावटळ सुटेल का, ही धास्ती. एकदा कुणीतरी विचारलं, "आबासाहेब, निजामाच्या राज्यात असलं छापता, तुम्हाला भ्या वाटत न्हाय?" ते म्हणाले, "लई वाटतं. पण अंक तर काढायचाय की!" माझी आई तेरला आजारी पडली तेव्हा त्यांनी सिनेमाची मोटार दिली, आणि ड्रायव्हर जोरात हाकील या भीतीनं स्वतः त्याच्या शेजारी बसून आले. वाटेत दर खड्ड्याला देवाचं नाव चाललं होतं. आई बरी झाली.

आता त्या सामन्याबद्दल लिहितो, आणि खरं सांगतो, भीत भीतच. साठीच्या सत्कारासाठी निघणारा हा गौरवग्रंथ आबासाहेबांच्याच छापखान्यात छापला जातोय. प्रूफ वाचल्याशिवाय एक ओळ ते बाहेर जाऊ देत नाहीत. हे त्यांच्या नजरेस पडलं, तर काट बसलीच म्हणून समजा.

त्या वर्षी साप्ताहिकाचा परवाना संपत आला होता. शिफारशीचा कागद पोलीस साहेबांच्या मेजावर पडून होता, आणि अंतिम सामना नेमका त्याच साहेबांच्या पोलीस संघाशी, तेरणा नदीच्या वाळूत. जो तो सल्ला द्यायला हजर. "हरा की एकदा! एक ढाल गेली तर काय आभाळ कोसळतंय का? पेपर तर वाचंल." आबासाहेबांना अन्न जाईना. पेपर बंद पडला, तर त्यावर जगणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या चुली विझणार होत्या.

मध्यांतराला आम्ही पुढं होतो. कप्तान करीम, पिंजाऱ्यांचा मुलगा, घाम पुसत खुर्चीजवळ आला. हलक्या आवाजात म्हणाला, "मालिक, सब बोलते ढीला छोडो. तुम्ही सांगा, क्या करना?"

पलीकडून साहेब बघत होते, सारं गाव बघत होतं. मग आबासाहेब उठले, स्वतः खुर्ची उचलली, मैदानाकडे फिरवली आणि बसले. उभ्या हयातीत पहिल्यांदा! करीम हसला. "अब तो जान लगाको खेलना पडेगा," म्हणाला आणि पळत गेला. आम्हा तिघांना अर्थ स्पष्ट होता: खेळा, मी बघतोय.

शेवटची चढाई करीमची. दोघांना बाद करून परतताना पोलिसांनी त्याचा पाय धरला. हात मधल्या रेघेपासून वीतभर लांब, आणि तिथं त्याचा दम तुटला. आम्ही एका गुणानं हरलो. सगळं आबासाहेबांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलं.

काही दिवसांतच परवाना आला, आणि गावाची जीभ सुटली. "पुढं असलेला संघ हरतो कसा? मध्यांतराला कप्तान मालकाशी बोलला, मालकानं खुर्ची फिरवली. तोच इशारा!" अंक दारातून परत येऊ लागले. लग्नाच्या पंगतीत पान मांडताना लोक म्हणत, "ढाल विकणाऱ्यांना आधी वाढा." आबासाहेब मान खाली घालून जेवत.

मी चिडून म्हणालो, "एक ओळ छापा की, करीमचा दम तुटला म्हणून!"

"आणि मग?" ते म्हणाले. "मी इशारा केला न्हाय म्हटलं, की लोक विचारतील, मग करीमनं दम का सोडला? पोरगं मुसलमान, समोर निजाम सरकारचा संघ. दिवस कसले आलेत, बघताय न्हवं? त्याला याच गावात राहायचंय. मला चार शिव्या जास्त बसतील, बसू द्या."

दिवस खरोखरच वाईट येत गेले. निजामी गेली, तेव्हा भीतीनं फक्त घर बदललं, आता ती मुसलमानांच्या दारात आली. त्या दिवसांत करीमचं बिऱ्हाड आबासाहेबांच्या माजघरात होतं आणि आबासाहेब काठी घेऊन ओसरीवर. तोंडानं देवाचं नाव चाललं होतं, पण जागचे हलले नाहीत. आणि अजूनही या शहरात 'ढाल विकली' म्हणणारे आहेत. त्यातले काही या सत्कार समितीतही आहेत.

म्हणून परवा करीमकडे गेलो. तो आता पोरांना हुतुतू शिकवतो. "लिहू का रे? अजून सगळं निवळलेलं नाही," मी विचारलं. मला खरंच भीती वाटत होती, अजूनही वाटते. तो म्हणाला, "लिखो जी. मेरी हार उनो अपने सर पे लेको बैठे. दम मेरा टूटा था. साफ लिखो."

तर साफ लिहिलं आहे. हे पान मी स्वतः जुळवणार आणि स्वतःच यंत्रावर चढवणार आहे. साऱ्या ग्रंथात एवढं एकच प्रूफ त्यांना दाखवायचं राहणार आहे.

आबासाहेबांना साठी पूर्ण होत असताना उदंड आयुष्य आणि निरोगी शरीर लाभो. त्यांची काळजी कमी होवो, असं म्हणत नाही. त्या काळजीच्या सावलीत आम्ही वाढलो. येत्या रविवारी करीमच्या पोरांचा सामना आहे. खुर्ची मी मैदानाकडे तोंड करून मांडणार आहे. तिच्याशेजारी जागा ठेवतो. ज्यांनी आजवर त्यांना ढाल विकली म्हणून हिणवलं, त्यांनी येऊन तिथं बसावं, आणि आबासाहेबांनी डोळे मिटून विचारलं, "सुटला का धरला?" तर खरं काय ते सांगावं.