मामांचा डावा हात

माझ्या मामांइतका हट्टी जीव अख्ख्या कोल्हापुरात सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याच गोठ्यात दावणीला असेल. मंगळवार पेठेत घरामागं गोठा, आणि संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा, हा मामांचा उभ्या जन्माचा धंदा. एकदा कुणी चेष्टेत "पाणी न्हाय न्हवं?" म्हणून विचारलं, तर मामांनी त्याला सरळ म्हशीखाली बसवलं. "बसा पावणं. तुमीच काढा, आन् नळ कुठं हाय त्यो मला दावा."

अशा माणसाच्या अंगावरनं गेल्या वर्षी वारं गेलं. पाय सावरला, तोंड तर थांबलंच नव्हतं, पण डावा हात लोंबकळत राहिला. म्हैस एका हाताच्या धारेला उभी राहीना. मुलगा म्हणाला, "आबा, हात आला न्हाय तर म्हशी इकाय लागतील." त्या एका वाक्यानं मामा थेरपीला तयार झाले. सोबतीला मी, कारण आमच्या खानदानात पहिला ग्रॅज्युएट मी. सेंटरच्या दारातच मामांनी जाहीर केलं, "ह्यो भाचा बी.कॉम. हाय, कायबी इच्यारा." बी.कॉम.ला हाताच्या शिरा नसतात, हे मी तिथं बोललो नाही. अभिमान मलाही आहे.

थेरपिस्ट होती मुरगूडच्या एका शेतकऱ्याची लेक, मामांच्या मुलीच्या वयाची. तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं: दोन आठवडे उजव्या हाताला जाड पिशवीसारखा मोजा. जागेपणी सगळं डाव्यानं करायचं. सकाळभर इथं व्यायाम, उरलेला दिवस घरी. दमायला होईल, राग येईल, रडूही येईल, आणि सगळं परत येईलच असं नाही. मामा ऐकून म्हणाले, "म्हंजी राबणाऱ्या गड्याला घरात बसवायचं आन् आळशाला रानात धाडायचं." ती म्हणाली, "अगदी तेच, काका."

मग सुरू झालं. या वाटीतला राजमा त्या वाटीत. कपड्यांचे चिमटे दोरीला लावायचे, काढायचे, परत लावायचे. मामा हाताशी म्हशीशी बोलावं तसं बोलत, "सरक की बया, सरक," आणि बोटं हललीच नाहीत की त्याच हाताच्या सात पिढ्या काढत. शेजारच्या टेबलावरचे पेशंट स्वतःचा व्यायाम सोडून ऐकत बसत. परतताना रिक्षात बसताक्षणी मामा घोरायला लागत.

घोडं अडलं जेवणापाशी. डाव्या हातानं भाकरी मोडायची? "मेलो तरी न्हाय. देवानं उजवा कशाला दिलाय मग?" पहिल्या दिवशी मामा दुपारभर उपाशी बसले. संध्याकाळी मामींनी शेवटी गुपचूप घास भरवले. दुसऱ्या दिवशी थेरपिस्टनं विचारल्यावर मामांना खोटं बोलता येईना. "मामी भरवत्यात," मीच सांगितलं.

"मग हात मामींचा बरा होईल," ती म्हणाली. "उद्या डबा इथं आणा."

तिसऱ्या दिवशी ती स्वतःचा डबा घेऊन मामांच्या समोर बसली, आपला उजवा हात पाठीमागं नेला आणि डाव्यानं पहिला घास घेतला. आमटी तिच्या पांढऱ्या कोटावर सांडली. मामा बघत राहिले. शेतकऱ्याची लेक, तिलाही घरी डावा हात ताटाला लावू दिला नसणार. "पोरी, उजव्यानं जेव गं," मामा म्हणाले.

"तुम्ही जेवला की."

मामांनी डावा हात ताटात घातला. पहिला घास हनुवटीला लागला, दुसरा शर्टात गेला, तिसरा तोंडात. मामा हसत होते, डोळ्यांतनं पाणी येत होतं, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

त्यानंतर मामांना कुणी आवरू शकलं नाही. नृसिंहवाडीला गेलो, तर प्रसादाला डावा हात पुढं. पुजारी थबकले. "ह्याला शाळंत घातलाय म्हाराज," मामा म्हणाले, "दत्तगुरू समजून घेत्याल."

दोन आठवडे झाले, मोजा निघाला, आणि मामा थेट गोठ्यात जाऊन म्हशीखाली बसले. आम्ही सगळे दारात. डाव्या हाताची बोटं सडाभोवती मिटली. मिटली, हेच मोठं. पण दाब येईना. बारीक दोन चिळकांड्या आल्या आणि थांबल्या. पुढचे कितीतरी दिवस मामा तसेच बसून बघत होते. म्हैस मुकाट उभी असायची. मग एका सकाळी ते उठले आणि मुलाला म्हणाले, "म्हशी इकायला गिऱ्हाईक बोलीव. म्हशीचं हाल नगंत." थेरपीला, त्या पोरीला, देवाला त्यांनी बोल लावला नाही.

आता सकाळी मामा सेंटरवर जाऊन नव्या पेशंटच्या शेजारी बसतात, आणि त्या थेरपिस्टलाही ते चालतं. "काय हुतंय सांगू? दमशीला. रडशीला. शिव्या देशीला. द्या. पर हात सोडू नगा." शर्टाची बटणं त्यांची तेच लावतात. आणि संध्याकाळी कट्ट्यावर दुसऱ्याच्या म्हशीचं दूध घेतात. ग्लास डाव्या हातात धरतात. तो जरा थरथरतो, फेस काठावर येतो, उजवा हात आपसूक आधाराला पुढं होतो, आणि मामा त्याला हळूच मागं घेतात.