हव म्हणजे हो नव्हे

स्पॉन्सर मागायला कुणाच्याही दुकानात जा, दोन गोष्टी हमखास मिळतात. चहा आणि किस्सा! चहा तिथेच संपतो. किस्सा मात्र माझ्याबरोबर रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या घरी येतो, आणि घरी ऐकायला कोणी नाही. असे दोन वर्षांचे साठलेत. म्हणून आज तुम्हाला धरलं.

आधी थोडं सांगते. आमचे हे रेल्वेत फिटर होते. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, ह्यांनी उरल्याच्या कारखान्यांकडच्या एका पडीक प्लॉटवर मातीचे उंचवटे घातले आणि पोरांना बीएमएक्स शिकवायला लागले. बीएमएक्स म्हणजे लहान चाकांच्या सायकलींची रेस. समोरचं लोखंडी गेट पडलं की आठ जण एकदम सुटतात, उंचवट्यांवरून उड्या मारत. दोन वर्षांपूर्वी हे गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सहा पोरं दारात हजर. "दीदी, ट्रैक खुलेगा ना?" मी एकसष्ट वर्षांची दीदी! मला साधी सायकलसुद्धा येत नाही. पण ट्रॅकची चावी माझ्याकडेच होती.

त्यातली प्रणाली चौदा वर्षांची. वडील रोलिंग मिलमध्ये शिफ्टला जातात. यंदा पुण्याला देशभरातल्या पोरांची रेस होती, आणि तिच्या वयोगटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. प्रवास, हेल्मेट, तिथलं राहणं, सगळं स्पॉन्सरवर अडलेलं. "दीदी, कुछ हुआ?" असं ती रोज विचारायची. मग तिनं विचारणंच बंद केलं. ते मला जास्त लागलं.

\*

पहिली गेले सायकलच्याच दुकानात. म्हटलं, आपला माणूस! प्रणालीची सायकलही दाखवायला नेली. मालक तिच्याभोवती दोनदा फिरला. खाली वाकला. मागे बघितलं.

"कैरियर कहाँ है?"

"इसमें नहीं होता."

"स्टैंड? घंटी? मडगार्ड?"

"रेस वाली है भैया, कुछ नहीं होता."

त्यानं माझ्याकडे फार दयेनं बघितलं. "बहनजी, पहले पूरी साइकिल तो ले लो, फिर स्पॉन्सर ढूँढना!"

\*

उरल्याचे एक सळईवाले शेठ. मोठं ऑफिस, एसी इतका की मी पदर लपेटून बसले. मी बोलत गेले आणि शेठ प्रत्येक वाक्याला मान हलवत "हव" म्हणत गेले. पोरांना जर्सी लागेल. "हव." छातीवर तुमच्या कंपनीचं नाव टाकू. "हव, हव." पुण्याचं तिकीट काढावं लागेल. "हव."

मी अमरावतीची. आमच्याकडे हव म्हणजे हो! रिक्षात बसल्या बसल्याच प्रणालीला फोन केला. ती इतकी ओरडली की रिक्षावाल्यानं मागे वळून बघितलं. सहा जर्सी छापून घेतल्या आणि पंधरा दिवसांनी घेऊन गेले. शेठनं जर्सी उलटीपालटी करून पाहिली.

"ये किसने छपवाया?"

"आपने ही तो हव बोला था ना!"

"अरे दीदी, हव बोला था। हाँ थोड़े ही बोला था!"

त्यांचं हव म्हणजे नुसतं "ऐकतोय, पुढे बोला." चाळीस वर्षं रायपुरात काढली आणि हे मला त्या दिवशी कळलं. वर, दुसऱ्या सळईवाल्याकडे गेले तर तो म्हणतो, "आपको तो वो वाले दे ही रहे हैं।" पोरं तीच जर्सी घालून प्रॅक्टिसला येत होती. शेठची फुकटात जाहिरात!

\*

एक हाडांचे डॉक्टर मात्र स्वतःहून आले. भला माणूस. सगळा खर्च करायला तयार! अट एवढीच की जर्सीच्या पाठीवर त्यांची ओळ हवी: "हड्डी टूटे, तो हम हैं ना!" खाली फोन नंबर.

मी तर मोहात पडले होते. पण प्रणालीच्या आईनं कानांवर हात ठेवले. "दीदी, माह्या पोरीच्या पाठीवर असं काहून लिहिता? शुभ शुभ लिहा ना काही!" डॉक्टर म्हणाले, ओळ बदलणार नाही, जाहिरातवाल्याला पैसे देऊन लिहून घेतलीय. झालं, तेही बारगळलं.

\*

हा किस्सा हसायचा नाही. एका मिठाईवाल्याकडे गेले. आमच्या सायकल क्लबचं नाव सांगितल्याबरोबर त्याचा चेहरा फुलला. "अरे! भैया की साइकिल वाली टीम! भैया नहीं आए?"

ह्यांची त्याच्याशी ओळख आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. त्याला सांगायला हवं होतं. पण त्यानं ह्यांच्या आवडीची कचोरी पुढे ठेवली आणि म्हणाला, "उनको ही भेजिए ना, हमारी बात हो चुकी है।" दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ह्यांची वाट बघत होतं. मी म्हटलं, "थोड़े बिज़ी हैं।"

कचोरी घेऊन निघाले. तिथे परत गेले नाही. स्पॉन्सर गेला तर गेला.

\*

आता बुढापारा मोहल्ल्यातले मेश्राम काका. फॉल, अस्तर, बटणं असलं छोटं दुकान. तिथे स्पॉन्सर कोण मागेल? मी आपली पांढरं अस्तर घ्यायला गेले होते. ते मीटर मोजत असताना मी पुटपुटले, "जास्त नका कापू हो." त्यांची कात्री थांबली.

"मराठी आहा?"

"हो. अमरावतीची."

"मी तुमसरचा." त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "आमची बायको गेली तेव्हापासून मराठी बोलाले कोणी नाही राह्यलं. पोट्टे मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तर देतात. बसा ना."

बसले. प्रणालीचं सगळं सांगितलं. ते एकदाही हव म्हणाले नाहीत. उठले, आतून पाकीट आणलं. पुण्याचं सगळं त्यात भागत होतं.

"काका, जर्सीवर दुकानाचं नाव काय टाकू?"

"नाव काहून पाहिजे? परत येऊन मले सगळं सांगा. मराठीत सांगा, म्हणजे झालं."

पुण्याहून आले त्याच शनिवारी पेढे घेऊन गेले. "काका, आपली प्रणाली फायनलमध्ये..."

"थांबा, थांबा! निकाल नका सांगू. घरून निघाल्या तिथून सांगा."

मग मी सांगत बसले. स्टेशनवर कोण कोण पोचवायला आलं, गाडीत प्रणालीनं खिडकी कशी सोडली नाही, तिच्या आईनं तळून दिलेले तांदळाचे धापोडे नागपूरलाच कसे संपले, रात्रभर ती हेल्मेट पोटाशी धरून कशी झोपली. हे गेल्यापासून मी एका दमात एवढं बोलले नव्हते. रेस असते जेमतेम चाळीस सेकंदांची. मला दीड तास झाला होता आणि मी आत्ता कुठे फायनलच्या लाइनीत पोचले होते.

"आठ पोट्ट्या उभ्या, काका. पुढचं चाक गेटला टेकवलेलं, दोन्ही पाय पेडलवर. आपली तिसरी. सगळं मैदान चूप. आणि आता गेट पडणार, एवढ्यात..."

काकांनी हात वर केला.

"थांबा बाई. अजून एक चहा सांगतो. तोपर्यंत पोट्टीले गेटवरच राहू द्या."