मास्तरांचा दुसरा ब्रेक

आमच्या शेजारच्या मास्तरांनी जप्तीला आलेल्या बेलिफाला गाडीत घालून पळवून नेलं, ही बातमी मला दुधाच्या दुकानात कळली. ती इस्त्रीवाल्यापर्यंत पोचली तेव्हा बेलिफाचे हात बांधलेले होते, आणि संध्याकाळी जिन्यात माझ्याकडे परत आली तेव्हा त्याच्या तोंडात बोळाही कोंबलेला होता. मी स्वतः बातमीला थोडं तिखटमीठ लावते, नाकारत नाही. पण ही बातमी माझ्या हातची नव्हती, म्हणूनच इतकी कच्ची होती. खरं म्हणजे गाडी बेलिफच चालवत होता. मास्तर नुसते शेजारी बसले होते. आणि बोळा कोंबायचाच असता, तर तो मास्तरांच्या तोंडात कोंबावा लागला असता.

मास्तर शाळेतले नव्हेत. ते लोकांना गाडी चालवायला शिकवतात. बावीस वर्षं झाली, गाडी तिसरी आहे, पण माणूस तोच. शिकाऊ माणूस चाकाशी आणि मास्तर त्याच्या शेजारी. मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक बसवलेला आहे. शिकणाऱ्याने भिंत, खांब किंवा म्हातारी यांच्याकडे मोर्चा वळवला की मास्तर तो ब्रेक दाबतात आणि म्हणतात, "आरसा, मान, मग पाय." बावीस वर्षांत तो पाय इतका तयार झालाय की गाडीत नसले तरी दाबला जातो. टीव्हीवर कोणी गाडी जोरात हाणली की दाबतात. जावई पगारवाढीबद्दल बोलायला लागला की दाबतात. खुर्चीपुढची सतरंजी नेमकी एका ठिकाणी झिजून तिला भोक पडलंय. मास्तरीणबाई तिथे कुंडी ठेवायला गेल्या, तर मास्तरांनी तीही दाबली.

तर आता जप्तीची गोष्ट. गाडी उभी करायला शिकवायचं, तर कुठेतरी उभी करावीच लागते. शिकाऊ लोक ती कुठेही करतात. दवाखान्याच्या दारात केली, अग्निशामक दलाच्या फाटकात केली, एकाने तर पोलीस चौकीसमोर आडवी केली आणि आनंदाने उतरून मास्तरांशी हात मिळवला. दंडाच्या चिठ्ठ्या मास्तरांच्या पत्त्यावर येत राहिल्या. मास्तरांचं तत्त्व असं, की गाडी लावली विद्यार्थ्याने, म्हणजे दंड विद्यार्थ्याचा. तत्त्व चांगलं होतं, फक्त ते त्यांनी विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठ्यांचं ते करायचे काय? पाठकोऱ्या कागदाचं मास्तरांना भारी प्रेम. त्या कोऱ्या बाजूवर ते चौक काढून द्यायचे. कुठून वळायचं, कोणाला आधी जाऊ द्यायचं, सगळं बाण काढून. कागद घडी घालून विद्यार्थ्याच्या खिशात. तीन वर्षांच्या नोटिसा अशा गावभर वाटल्या गेल्या.

शेवटची नोटीस दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या वाट्याला आली. त्या अभ्यासू. रात्री चौक पाठ करून झाल्यावर त्यांनी कागद उलटा करून पाहिला. सोमवारी शिकायला आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, या चौकाच्या मागे तुमची गाडी जप्त करणार असं लिहिलंय. उद्या."

मास्तरांचा पाय दाबला गेला. पण ते तेव्हा अंगणात उभे होते, त्यामुळे काही थांबलं नाही.

आता गंमत बाजूला. ती गाडी गेली तर मास्तरांचं सगळंच गेलं. दोन ब्रेकची गाडी भाड्याने मिळत नाही, आणि एका ब्रेकच्या गाडीत मास्तर कोणाच्या शेजारी बसणार नाहीत. वर्षभरापूर्वीच इंजिन बदललं होतं, त्यात साठवलेलं सगळं गेलेलं. मास्तरीणबाईंनी विचारलं, "मग उद्या काय करायचं?"

तेव्हा मी सल्ला दिला. कोणी विचारला नव्हता, पण माझा सल्ला विचारण्याची वाट कधी पाहत नाही. मी म्हटलं, "गाडी ओळखूच येणार नाही अशी करा. टपावरची पाटी काढा, दारावरची अक्षरं खरवडा, मागचं शिकाऊपणाचं लाल अक्षर काढा. बेलिफ शोधणार शिकवणीची गाडी. त्याला दिसणार एक साधीसुधी घरची गाडी. जाईल पुढे."

"वहिनी, तुम्ही डोकेबाज आहात," मास्तर म्हणाले. हे वाक्य मी लक्षात ठेवलंय, कारण ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

संध्याकाळभर आम्ही तिघं खरवडत होतो. टपावरची पाटी मी माझ्या कपाटामागे लपवली. गाडी आमच्या गल्लीच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून लावली, आणि वर मास्तरीणबाईंची मोठमोठ्या गुलाबांची चादर घातली. चादर पुरेना, म्हणून दुसरी, पोपटांची. उरलेली उशांची अभ्रं मास्तरांच्या सीटपाशी पायांच्या जागेत, जादा ब्रेकवर कोंबली.

मंगळवारी दहा वाजता बेलिफ आला. बुटका, घामेजलेला, बगलेत फाइल. सोबत टोइंगची गाडी होती, पण आमची गल्ली इतकी अरुंद की ती तोंडाशीच अडकली. तिचा चालक म्हणाला, "मी इथून पुढे येत नाही आणि खाली उतरत नाही," आणि डबा उघडून बसला.

बेलिफाने पोपट वर केला, नंबर वाचला, फाइलमधला नंबर वाचला. "हीच," तो म्हणाला. नंबर खरवडायचं आम्हाला कोणालाच सुचलं नव्हतं, आणि बरंच झालं, नाहीतर गाडीच्या आधी मास्तरच तुरुंगात गेले असते.

"अहो, ही माझी रोजीरोटी आहे," मास्तर म्हणाले. "मी गाडी शिकवतो."

बेलिफाने फाइल चाळली. "रोजीरोटीचं साधन आम्ही उचलत नाही, तसा नियमच आहे. मला ऑफिसात सांगितलं होतं, गाडीवर पाटी असेल तर नुसती नोंद करून परत ये. पण इथे पाटी कुठाय? ही तर साधीसुधी घरची गाडी दिसते."

साधीसुधी घरची गाडी. माझेच शब्द. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनीही पाहिलं. मी पोपटांकडे पाहिलं.

मग धावत जाऊन कपाटामागची पाटी घेऊन आले. बेलिफ म्हणाला, "बाई, अशा पाट्या लोक ऐनवेळी आणतातच. मागच्या आठवड्यात एकाने मोटारसायकलवर रुग्णवाहिका लिहिलं होतं."

आता गाडी गल्लीतून मागे मागे काढून टोइंगपर्यंत न्यायची होती. मास्तर म्हणाले, "मी काढून देतो." बेलिफ म्हणाला, जप्त गाडी मालकाच्या हातात देता येत नाही. त्याने चादरी ओढून काढल्या, स्वतः चाकाशी बसला आणि बराच वेळ नुसता बसूनच राहिला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"काही नाही. सरळ जायला येतं मला."

"पुढे भिंत आहे."

"तेच बघतोय."

मास्तर गाडीत राहिलेला चष्मा घ्यायला म्हणून दुसऱ्या बाजूने आत बसले, तेवढ्यात बेलिफाने धीर केला. गाडी उलटी सुटली. मास्तरीणबाईंची पहिली कुंडी गेली, दुसरी डुलली, आणि गाडी तिसरीच्या तोंडाशी गपकन थांबली. बेलिफाने आपल्या पायांकडे पाहिलं. त्याने काहीच दाबलं नव्हतं.

पुन्हा सुटली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा बेलिफ घाबरला. "गाडीत बिघाड आहे," तो म्हणाला. "आपोआप थांबते."

"आरसा, मान, मग पाय," मास्तर म्हणाले. "तुम्ही आधी पाय टाकता, मग घाबरता, आणि आरसा घरी ठेवून येता."

बेलिफाने वाकून मास्तरांच्या पायाशी कोंबलेली उशांची अभ्रं उपसली. "हे काय आहे?"

"माझा ब्रेक."

"गाडीला दोन ब्रेक कशाला?"

"तुमच्यासारख्यांसाठी."

बेलिफ बराच वेळ त्या ब्रेककडे बघत राहिला. रबर झिजून गुळगुळीत, मधोमध मास्तरांच्या बुटाचा खड्डा. पाटी कोणीही एका रात्रीत रंगवेल. तो खड्डा पडायला वर्षं लागतात. त्याने फाइल मांडीवर घेतली, काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग मला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. मला अर्थातच ऐकू आलं.

"मागे घ्यायचं किती दिवसांत जमेल हो? मी लायसनच्या परीक्षेत चार वेळा नापास झालोय. ऑफिसात कोणाला माहीत नाही."

"चार वेळा?" मास्तर म्हणाले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणाकडे तरी विद्यार्थ्याकडे बघावं तितक्या प्रेमाने पाहिलं. "चला. भिंतीकडे बघू नका, ती कुठे जात नाही."

गाडी मागे सरकत, थांबत, सरकत गल्लीबाहेर गेली. टोइंगवाल्याला डबा बंद करून वाट द्यावी लागली, आणि वाट दिली ती दिली, तो परत आलाच नाही. तासाभराने दोघं परतले. बेलिफाचा शर्ट ओला, चेहरा मात्र लग्न ठरल्यासारखा. कागदावर "व्यवसायाचं साधन, जप्त करता येत नाही" असं लिहिलेलं. दंड मात्र भरायचाच होता, दरमहा थोडा थोडा, आणि मास्तरांनी सहीही केली. कागद पाठकोरा आहे का, हे त्यांनी उलटून पाहिलेलं मला दिसलं. मास्तरीणबाईंनी तो लगेच काढून घेतला.

बेलिफ आता दर गुरुवारी येतो. कुंड्या गुरुवारी घरात घेतात.

काल मी गेले होते, तेव्हा मास्तर खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "काही म्हणा, मास्तर, पाटी काढायला मी सांगितलं नसतं, तर बेलिफ दारातूनच परत गेला असता आणि तुम्हाला एक विद्यार्थी कमी मिळाला असता. म्हणजे फायदा माझ्याच सल्ल्याने झाला."

सतरंजीच्या भोकात त्यांचा पाय दाबला गेला. मग ते म्हणाले, "वहिनी, तुमच्या सल्ल्याने चालायचं ठरवलं, तर मला तिसरा ब्रेक बसवून घ्यावा लागेल."