दादानं नाकारलेला मळा

युसूफ वडगावहून, आमच्या गावाहून, निरोप आला तेव्हा मी वडवणीच्या बाजारात मिरचीवालीशी भांडत होते. भिवा धनगर समोर येऊन उभा राहिला, मुंडासं हातात. "आक्का, वैद्यबुवा गेले." मिरच्या तिथंच सांडल्या... त्याला महिना होत आला, पण माझा राग अजून निवलेला नाही.

माझा थोरला भाऊ कातडीचा वैद्य. खरूज, नायटा, गजकर्ण, सगळ्यांना त्याचा गुण यायचा. गावात रीत अशी, की महारोगाचा निवाडा वैद्यानं चावडीवर द्यायचा. तो 'महारोग' म्हणाला की माणूस शिवेबाहेर, आणि त्याची जमीन देशमुखांच्या घशात. भिवाच्या पाठीवर पांढरे चट्टे उठले, आणि त्याच्या विहिरीच्या मळ्यावर देशमुखांचा डोळा होताच. निवाड्याआधी त्यांचा कारभारी आमच्या ओट्यावर येऊन बसला. "एक शब्द बोला, अर्धा मळा तुमचा." दादा म्हणाला, "त्यो मळा खाऊन मी कुनाच्या अंगाला हात लावू?"

चावडीवर दादानं भिवाचे डोळे बांधले आणि बाभळीचा काटा चट्ट्यात टोचला. महारोगाचा चट्टा बधिर असतो. भिवा उसळलाच, "कावून टोचतो बे, मुडद्या!" चावडी हसली, दादाही हसला. "शिवी आली, म्हंजी कातडी जिती हाय. ह्ये कोड हाय. महारोग न्हाई."

हसू विरायच्या आत काठ्या पडल्या. देशमुखांच्या गड्यांनी दादाला खाली पाडलं, तोंडावर लाथा घातल्या. एक जण छातीवर बसला, दुसऱ्यानं उजवा हात पायरीवर दाबून धरला आणि तिसऱ्यानं दगडानं बोटं ठेचली. हाडं फुटल्याचा आवाज मी ऐकलाय... मी एकाच्या दंडाला कडकडून चावले, त्यात माझा दात पडला. मला त्याचं दुःख नाही. गाव नुसतं बघत उभं होतं. पोलीस ठाण्यावरच्या अमीनसाहेबांकडे फिर्याद न्यावी म्हटलं, तर ते देशमुखांच्याच बैठकीत विडा चघळत होते.

बोटं आखडली, बधिर झाली. मग देशमुखांच्या माणसांनी आवई उठवली, बघा, वैद्यालाच महारोग! ज्यांची खरूज त्यानं स्वतःच्या हातानं धुतली, तेच वाट बदलून जाऊ लागले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय! भिवाचा मळा मात्र भिवाकडंच राहिला. दादा त्या माराच्या दुखण्यातच गेला. त्याच्या तिरडीला तिघेच पुढं झाले, भिवा आणि त्याचे दोन भाऊ. चौथा खांदा मी दिला. बाईमाणसानं देऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे.

दादा ओट्यावर ज्या खांबाला टेकून बसायचा, तो तेलकट हातांनी काळा पडलाय. आलेल्याचा हात तो आधी हातात घ्यायचा, नाव मग विचारायचा. परवा एक बाई आली आणि त्याच खांबाशी बसली. "वैद्याला महारोग हुता म्हनं, खरं काय?" मी तिच्या सात पिढ्या काढल्या. ती हलली नाही. "मला औषधातलं काही कळत नाही, जा," म्हणाले. तिनं पदराखालून हात काढला.

"औशद ऱ्हाऊ द्या, आक्का. घरात मला कुनी शिवत न्हाई. उलीसा धरा."

मी धरला. मग नाव विचारलं.