जिल्हाभर पसरलेली गाडी

अमडापूरहून रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी तव्यावरची भाकरी उलटत होते. रफिकभाई म्हणजे माझ्या भावाचे जिवलग मित्र, धान्याच्या कोठ्या आणि कूलरचे सांगाडे बनवणारे पत्र्याचे कारागीर. एरवी त्यांचा फोन भावालाच यायचा, मला कधी नाही. "ताई, तुम्ही निघा," एवढंच ते म्हणाले. "काऊन? काय झालं?" असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "भाऊ राह्यले नाई, ताई." मी गॅस बंद केला आणि अर्धी कच्ची भाकरी काढून ठेवली, कारण करपलेली भाऊला चालत नसे. दोन-तीन तास आधी तो याच घरातून गाडीचं एक मडगार्ड काखेत मारून बाहेर पडला होता. निघताना आमचं भांडण झालं होतं. त्याबद्दल पुढे लिहिते, एवढ्यात धीर होत नाही.

भाऊ म्हणजे विनायक. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, टपाल खात्यातून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा. मी लग्न होऊन तीन वर्षांत पांढऱ्या कपाळानं चिखलीला माहेरी परत आले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले, आणि तेव्हापासून आम्ही दोघं एका घरात. तो गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकानं त्याच्या 'छंदा'चं कौतुक केलं. छंद म्हणायला लोकांचं काय जातं? छंदाला घरातला एखादा कोपरा पुरतो. आमच्याकडे त्यानं समोरची अख्खी खोली, पडवी, जिन्याखालची जागा आणि माझ्या पलंगाखालचे दोन हात घेतले होते, तेही चौदा वर्षं.

झालं असं, की खामगावातल्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं सामान विकायला निघालं होतं. भाऊ तिथे लोखंडी कपाट बघायला गेला आणि मोटार घेऊन आला. 'आला' म्हणजे मोटार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, वर ताडपत्री, आणि भाऊ ट्रॉलीच्या फळीवर नवरदेवासारखा बसलेला. इंग्लंडात तयार झालेली, दोनच माणसांची, बिनछपराची, शर्यतीच्या ऐटीची जुनी गाडी. तिचं नाव मी लिहिणार नाही. नाव कळलं की हौशी माणसं पत्ता विचारत दारात येतात, आणि त्यांना चहा करून देण्याची ताकद आता माझ्यात नाही. चाकं जमिनीत रुतून सडलेली, लाकडी सांगाडा वाळवीनं पोखरलेला, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं. शेजारच्या काकूंनी मळणीयंत्र आणलं का म्हणून विचारलं. मी आरतीचं ताट आणावं अशी भाऊची इच्छा होती. मी म्हटलं, "चालत आलेल्या गाडीची पूजा करत असतेत भाऊ, वाहून आणलेल्या नाई." तो हसला आणि म्हणाला, "दोन महिन्यात उभी होईन, पाह्यजो तू."

माझ्या शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत त्यानं ती खोलायला घेतली. पुस्तक नाही, नकाशा नाही, अनुभव म्हणाल तर सायकलीचा. चौथ्या दिवशी समोरच्या खोलीत मुठीएवढ्यापासून टाचणीएवढ्यापर्यंत शेकडो तुकडे पडले होते आणि कुठला कुठून निघाला हे त्याचं त्यालाच सांगता येईना. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून भंगारवाल्याला हाक मारली असती. पण भाऊनं उभी हयात पत्रं लावण्यात काढली होती. त्याच्या लेखी जगात हरवलेली वस्तू अशी काही नसे, फक्त पत्ता नसलेली असे. त्यानं खडू घेतला, खोलीच्या फरशीवर गाडीचा आकार काढला, आणि त्यात आपला बुलडाणा जिल्हा बसवला.

हे जरा समजावून सांगते. गाडीचं तोंड उत्तरेला धरायचं. मग सगळ्यात पुढे रेडिएटर, तो जळगाव जामोद. त्याच्यामागे इंजिन, ते खामगाव, कारण गजबज तिथेच. पुढचं डावं चाक मलकापूर, उजवं शेगाव. चालवणाऱ्याची सीट आपली चिखली, शेजारची सीट बुलडाणा, आणि चिखलीच्या पुढ्यातलं स्टीअरिंग अमडापूर. मागचं डावं चाक देऊळगाव राजा, उजवं मेहकर. मेहकरच्या चाकाचा ब्रेक म्हणजे हिवरा आश्रम, "तथी गेल्यावर समदं शांत व्हाले पायजे" म्हणून. पेट्रोलची टाकी लोणार. प्रत्येक तुकड्याला सुतळीनं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची आणि तिच्यावर मुक्काम, पोस्ट, तालुका लिहायचा, मग तुकडा त्या त्या गावाच्या डब्यात. लिहिणार कोण? त्याचं अक्षर त्याला स्वतःला वाचता येत नसे. मी शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणारी. "पत्ता वाचता नाई आला तं पत्र बुडते, सुमे," तो म्हणायचा, आणि मी उत्तरपत्रिका बाजूला सारून 'वायसर, मु. पो. नांदुरा, मलकापूरच्या अलीकडे' असं लिहीत बसायचे. सुरुवातीला मजा आली, हे कबूल करते. आम्ही लहानपणी इतकं हसलो नसू.

पण मजा दोन-तीन वर्षं टिकते. पुढची अकरा वर्षं गाडी आणि घर यांत मी घर सांभाळलं. काहीही काढलं की उत्तर ठरलेलं असे, "गाडी होऊ दे, मग पाहू." घराला रंग द्यायचा? गाडी होऊ दे. नागपूरच्या आत्याकडे आठ दिवस जायचं? गाडीतच जाऊ. आत्या वाट बघून वारली. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी तो आधी कारबुरेटर उघडून बसला होता, शेवटी शाळेतल्या बाईंनी मला दवाखान्यात नेलं. तो वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. आजारी पडले तर रात्र रात्र उशाशी बसणारा तोच. पण त्याला आपल्या मनातलं सोडून दुसऱ्याचं ऐकूच यायचं नाही. मी सांगितलेली भाजी त्यानं उभ्या जन्मात आणली नाही. वांगी सांगा, भोपळा यायचा.

एकदा इंजिन चालू झालं होतं. लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं नुसतं इंजिन, पडवीत. रफिकभाई अमडापूरहून मुद्दाम आले होते. सगळी गल्ली जमली. दोनदा फुरफुरलं, तिसऱ्यांदा असं काही धडधडलं, की फडताळातली भांडी नाचायला लागली आणि काळा धूर सरळ गच्चीवर गेला. तिथे माझे उडदाचे पापड वाळत होते. चांगलं मिनिटभर चाललं असेल. भाऊ रडत होता आणि हसत होता, हाताला लागलेलं ऑइल त्यानं तोंडाला फासून घेतलं होतं. रफिकभाई म्हणाले, "आता हात नका लावू भाऊ, जसं हाय तसं बसवा." त्यावर भाऊ म्हणाला, "आवाजात थोडी खरखर हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून बघते तर खामगाव परत उघडलेलं, आणि तुकड्यांच्या चिठ्ठ्या ऑइलनं भिजल्या म्हणून माझ्यापुढे कोऱ्या पुठ्ठ्यांचा ढीग. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की ही गाडी कधीच होणार नाही. तरी बसून चिठ्ठ्या लिहिल्या.

आता ती सकाळ. दूधवाल्यानं हाक मारली म्हणून मी गडबडीत निघाले आणि गिअरबॉक्सची ठेच लागली. अंगठ्याचं नख उचकटलं, रक्त आलं. तसं काही पहिल्यांदा झालं नव्हतं. पण मी तिथेच फरशीवर बसले आणि म्हणाले, "या गाडीनं माह्यं आयुष्य खाल्लं भाऊ. मी थकली. आता खरंच थकली." तो दाराशी बसून बुटाची नाडी बांधत होता. एरवी तो काहीतरी गमतीचं बोलून मोकळा झाला असता. त्या दिवशी नाडी बांधून झाल्यावरही तसाच खाली बघत राहिला. मग आतून हळद आणली, माझ्या अंगठ्यावर दाबली, मडगार्ड उचललं आणि "येतो" म्हणून गेला... मी 'ये' म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

तेराव्यानंतर रफिकभाई एका दुपारी आले. ठोकून गुळगुळीत केलेलं ते मडगार्ड त्यांनी चादरीत गुंडाळून आणलं होतं. आत या म्हटलं तर पायरीवरच बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "ताई, एक गोष्ट सांगाची राह्यली. सांगू का नको, ह्या विचारात इतके दिवस गेले." मी म्हटलं सांगा. "त्या दिशी भाऊ आले तं नेहमीसारखे बोलतच नव्हते. मी चहा सांगितला. म्हणे, रफिक, हे शेवटचं मडगाड. याच्यापुढं काम नको धरू. गाडी इकून टाकू. मी म्हटलं, काऊन, इतकी आणली तं? तं म्हणे, सुमी थकली. आजवर तिनं असं कधी म्हटलं नव्हतं, म्हणे." रफिकभाईंनी मडगार्डवरची चादर सारखी केली. "मंग चहा आला. भाऊनं कप हातात घेतला, नं तसेच भिंतीले टेकले." मग ते आपण होऊन उठले, मडगार्ड पडवीत ठेवलं आणि त्याच्या चिठ्ठीवरची धूळ रुमालानं पुसून गेले.

गाडी मी विकली. लोकांना वाटलं, घर रिकामं करायची बाईला घाई झाली. मला तर काय वाटत होतं ते धड माझं मलाच कळत नव्हतं. त्याचा शेवटचा शब्द तो होता, म्हणून पाळला. पुण्याच्या एका गृहस्थांनी आहे तशी घेतली आणि त्यांची माणसं सगळे डबे टेम्पोत भरून घेऊन गेली. चिठ्ठ्या वाचून त्यांना हसू आवरेना. मी त्यांना जिल्हा समजावून सांगितला, पण टेम्पो चिखली सोडेपर्यंत ते विसरले असणार. आठवडा झाला नाही तोच तिथल्या मिस्त्रींचा फोन आला. "आजी, हे देऊळगाव राजा म्हणजे नक्की कुठं हो?" मी सांगितलं, मागचं डावं चाक. दुसऱ्या दिवशी, "आजी, लोणारचे चार बोल्ट आहेत आणि मेहकरला एक कमी पडतोय." मी म्हटलं, "लोणारातला घ्या, तो मेहकरचाच आहे, आमच्याकडून डबा चुकला होता." मग रोजच संध्याकाळी फोन यायला लागले. मी पाच वाजताच चहा आटपून फोनजवळ बसायला लागले. इतक्या वर्षांत त्या तुकड्यांबद्दल मी एक चांगला शब्द बोलले नव्हते, आणि आता एकेका वायसरचा ठावठिकाणा दोन-दोनदा सांगत होते. मिस्त्री हुशार निघाले. पंधरा-वीस दिवसांत म्हणाले, "आजी, तुमचा जिल्हा पाठ झाला बघा आता." त्यानंतर फोन आला नाही. कशाला येईल?

समोरची खोली रिकामी आहे. चार वेळा फरशी घासली. घरात आता कशाची ठेच लागत नाही, आणि मी मात्र पूर्वीपेक्षा जास्त थकलेली आहे. दुपारी पडले की संध्याकाळीच उठते.

मागच्या आठवड्यात शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंचा निरोपसमारंभ होता, म्हणून खूप वर्षांनी एकटीच एसटीत बसले. कंडक्टर तिकिटाला आला. "कुठं जाचं आजी?" मी पर्स उघडता उघडता म्हणाले, "मागचं उजवं चाक." तो पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मग मी म्हटलं, "मेहकर. एक द्या." शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसत होती. मलाही हसू आलं. खिडकीतून शेतं मागे पडत होती, आणि मी तिथे बसून हिशेब लावत होते, की आता आपण सीटच्या मागे आलो, आता स्प्रिंगचे पाटे लागतील, आता ब्रेकचा ड्रम. हिवरा आश्रमला ड्रायव्हरनं गाडी थांबवली तेव्हा माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. धक्का न बसता गाडी उभी राहिली. माणसं उतरली, माणसं चढली. बाजूची बाई आपल्या पिशवीत काही शोधत होती. मी खिडकीकडे तोंड केलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, हलक्या आवाजात, त्याच्याशी भांडले. भाऊ, उभ्या जन्मात माह्यं एक आयकलं नाई तू. वांगे सांगतले तं भोपळा आणला. मंग हेच एक काऊन आयकलं रे?