कामरेजला जाऊन आल्यावर

देवीवरचा माझा विश्वास सीमेवरच्या एका चौकीत उडाला होता, हे आधीच सांगतो. मी सुरतेच्या गोडादऱ्याचा. वडील पॉवरलूमवर कामाला, घर खानदेशी. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. लढाई पेटली तेव्हा मी फौजेत, उंचावरच्या चौकीवर होतो. मोबाईल जमा करून घेतले होते, म्हणून सगळेच पत्रं लिहू लागले. पहारा, बर्फ वितळवून केलेलं पाणी, डब्यातली डाळ, स्टोव्हवर वाळवलेले मोजे, असे दिवस जायचे. जवळपास रोज तोफेचे गोळे पडायचे. घरी मात्र मी लिहायचो, 'इथं सगळं शांत आहे.'

माझ्याच चौकीतला जिग्नेश सुरतेजवळच्या कामरेजचा, शेतकऱ्याचा मुलगा. एका दुपारी टपाल वर आलं तेव्हा माझा पहारा नुकताच सुरू झाला होता. तो म्हणाला, "तुझ्या आईचं पत्र आलंय. जा, वाचून ये. तोवर मी उभा राहतो." मी बंकरमध्ये शिरलो. आई मला भाऊ म्हणते. तिला लिहिता येत नाही. शेजारच्या ताईंनी तिचे अहिराणी शब्द जसेच्या तसे उतरवले होते: 'भाऊ, येळवर जेवस ना? कानबाई तुना पाठीशी शे.' कानबाई तुझ्या पाठीशी आहे, हे वाचतोय तेवढ्यात बाहेर गोळा फुटला.

जिग्नेश माझ्या जागी पडला होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, जखमेवर पट्टी दाबून धरली. रक्त थांबेना. त्यानं हळूच विचारलं, "काय लिहिलंय आईनं?" पत्र माझ्या मुठीतच होतं. मी वाचू लागलो. अहिराणी त्याला कितपत कळली ठाऊक नाही, पण तो ऐकत होता. पत्र संपायच्या आत तो गेला.

सुट्टीवर आलो तेव्हा जो तो म्हणे, देवीनं वाचवलं. ते ऐकलं की अंगाची आग व्हायची. मला वाचवायला तिला दुसऱ्या आईचा मुलगा लागला का? मी कानबाईच्या फोटोकडे बघणं सोडलं. कामरेजला जायचं धाडसही होत नव्हतं. एका सकाळी सुरतेतल्याच पर्वत पाटियाहून घरी यायला म्हणून बसमध्ये चढलो. ती बस पुढं कामरेजपर्यंत जाणारी होती. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं आणि तोंडातून निघालं, कामरेज. असं का झालं ते मला आजही सांगता येत नाही.

जिग्नेशच्या आईपुढं बसून मी सगळं बोललो. पहारा माझा होता, हेही. ती रागावेल, हाकलून देईल, असं वाटलं होतं. पण तिनं एवढंच विचारलं, "दीकरा, ए एकलो हतो?" बाळा, एकटा होता का तो?

"नाही बा," गुजरातीत आईला म्हणतात तसंच मी म्हणालो. " माझ्या मांडीवर होता. मी त्याला माझ्या आईचं पत्र वाचून दाखवत होतो."

तिनं डोळे मिटले. म्हणाली, तो गेला त्या दिवसापासून मी देवी माताजीकडे एकच मागत होते, त्याच्याजवळ जो कोणी होता त्याला माझ्याकडे पाठव. मग उठून तिनं माझं ताट वाढलं. आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

मी का वाचलो, हे मला कळलेलं नाही. जिग्नेश परत येणार नाही, आणि त्या दुपारचा हिशेब कुणापुढं मांडता येत नाही. आता तो मी मांडतही नाही. त्या सकाळी जिनं मला त्या दारापर्यंत नेलं, त्या कानबाईच्या फोटोपुढं पुन्हा हात जोडतो.